आधी स्वतःला शोधा

सायटेशनच्या, म्हणजे कुणाच्या लेखाचा संदर्भ कुणी दिला याची नोंद ठेवणाऱ्या, डेटाबेसमध्ये शिरलात की विषय शोधत बसू नका. विषय शोधणारी माणसं कंटाळून चहाला जातात, ती परत येत नाहीत. सुरुवात स्वतःच्या नावापासून करा.

लेखकाच्या रकान्यात ‘पाटील एस’ एवढंच टाका. जगातले सगळे संजय, सुनीता, सदाशिव आणि शुभांगी एका रांगेत उभे राहतील. यातले आपले लेख कोणते, हे ठरवताना फार प्रामाणिकपणा करू नये. मी अर्थशास्त्र शिकवतो. परवा रात्री अकराला प्रोफाइल उघडलं, तर माझ्या नावावर शेळ्यांच्या पोटातल्या जंतांवरचा एक लेख. सायटेशन 41! पतसंस्थांवरच्या माझ्या खऱ्या लेखाला तीन, त्यातली दोन मीच दिलेली. नको असलेला लेख काढून टाकायची सोय असते तिथं. माउसचा बाण त्यावर नेऊन मी बराच वेळ बसलो. मग शेळी म्हणजे ग्रामीण अर्थव्यवस्थाच की, अशी मनाची समजूत घातली आणि झोपलो.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंना एकाच जन्मात दोन संशोधक होता येतं. सायटेशन मात्र दोघींत वाटून. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी क्रमांक 2012पासून फुकट मिळतो आणि हा घोळ बराचसा निस्तरतो. पण मग शेळ्याही जातील, हे ध्यानात असू द्या.

आता एच-इंडेक्स, म्हणजे सायटेशनवरून संशोधकाचं वजन सांगणारा आकडा. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 साली तो काढला. तुमच्या दहा लेखांना प्रत्येकी निदान दहा सायटेशन असतील, तर तुमचा एच दहा. प्रमोशनच्या मुलाखतीत हाच विचारतात. लेखात काय लिहिलंय हे विचारून कुणी तुम्हाला अडचणीत आणत नाही. आदर्श ठेवायचाच तर आइक अंतकारे यांचा ठेवा. आडनावावरून अकोल्याकडचे वाटतात, पण हे गृहस्थ कधी जन्मलेच नाहीत. फ्रान्समधल्या सिरिल लाबे या संगणकतज्ज्ञानं सायजेन नावाच्या प्रोग्रॅमकडून शंभरेक अर्थशून्य लेख पाडून घेतले, त्यांना एकमेकांची सायटेशन द्यायला लावली, आणि 2010मध्ये गूगल स्कॉलर या शोधनिबंध शोधणाऱ्या सेवेच्या आकड्यांवरून अंतकारेंचा एच भरला 94. आइन्स्टाइन मागे पडले. 2024मध्ये लॅरी नावाच्या एका मांजराला अशाच युक्तीनं एच 11 मिळवून देण्यात आला. माझा चार आहे, शेळ्या धरून.

लेख वाचायचे का, असा प्रश्न नवख्यांना पडतो. अहो, लेख अस्तित्वात असायचीही गरज नाही! व्हॅन डर गीर आणि मंडळींचा, शास्त्रीय लेख कसा लिहावा यावरचा 2000 सालचा एक लेख शेकडो ठिकाणी उद्धृत झालाय. तो कुणी लिहिलेलाच नाही. संदर्भ कसा द्यावा याचा नमुना म्हणून एका बड्या प्रकाशकानं तो लेखकांसाठीच्या सूचनांत छापला होता. लोकांनी सूचना पाळल्या, नमुन्यासकट. गूगल स्कॉलरनं तर एके काळी ‘पी. लॉगिन’ आणि ‘एफ. पासवर्ड’ असे लेखक शोधून काढले होते. पानावरचं ‘प्लीज लॉगिन’ आणि ‘फरगॉट पासवर्ड’ त्याला नावंच वाटली. पासवर्ड साहेबांना प्रमोशन मिळालं का, ते मात्र कळलं नाही.

एवढं सांगूनही विषयच शोधायचा हट्ट असेल, तर शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे नको तो गाळ कमी येतो. मी एकदा तसं देवनागरीत ‘पतसंस्था’ टाकून स्क्रीनकडे बघत बसलो होतो. ग्रंथपाल बाई मागून म्हणाल्या, “सर, ते तिकडं नाही मिळायचं. माळ्यावर जुन्या त्रैमासिकांचे गठ्ठे आहेत.” शिडी त्यांनीच धरली आणि धूळ झटकायला फडकंही दिलं.