आकडा कुणी टाकलाय, ते आधी सांगा

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर काकांनी एक मेसेज ढकलला. वर ठळक अक्षरांत 'आकड्यांना जात नसते' आणि खाली चार मुद्दे. एक, आकडा म्हणजे सत्य, सत्याने कुणाचा अपमान होत नाही. दोन, एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, अहवालानुसार तुरुंगात पारधी समाजाचे एवढे एवढे टक्के लोक आहेत. तीन, ज्याला हे झोंबतं त्याच्याच मनात पाप. चार, भावना दुखावतात म्हणून आकडे लपवले तर देश चालायचा कसा? ती टक्केवारी मी इथे देत नाही. दिली की तीही पुढे जाईल.

ग्रुपवर आम्ही एकोणीस जण. त्यातली एक माझी भावजय, पारधी समाजातली. मेसेजखाली तिने काही लिहिलं नाही. रात्री फोन केला, आधी मुलाच्या खोकल्याचं बोलली, मग म्हणाली, "ताई, तो आकडा खरा आहे का हो?"

तर काका, दुसऱ्या मुद्द्यापासूनच सुरू करते. तो आकडा खरा की खोटा हा प्रश्नच नाही, तो त्या अहवालात असूच शकत नाही. एनसीआरबी दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी काढते. त्यात कैद्यांचे गट पडतात ते अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागास आणि बाकीचे. धर्माचा तक्ता वेगळा. पारधी किती, कैकाडी किती, मराठे किती, ब्राह्मण किती असा हिशेब त्यात नसतो. आपल्याकडे विजेच्या तारेवर आकडा टाकतात ना, तसा हा आकडा कुणीतरी एनसीआरबीच्या तारेवर टाकलाय. उजेड त्यांचा, चोरी याची.

त्याच अहवालात जे खरोखर छापलंय ते मात्र मेसेजवाल्याने सोडून दिलं. २०२२ च्या अहवालात देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, खटल्याचा निकाल न लागलेले. म्हणजे ७५.८ टक्के लोकांवरचा गुन्हा अजून शाबितच झालेला नाही. चारातले तीन! ही मोजणी आत टाकलेल्यांची आहे, गुन्हा केलेल्यांची नाही. कुणाला आधी उचलतात, जामिनाला कोण उभं राहतं, वकिलाचे पैसे कुणाकडे असतात, हे सगळं त्या एका संख्येत मिसळलेलं असतं. अनुसूचित जाती लोकसंख्येत १६.६ टक्के आणि तुरुंगात साधारण पाचातला एक. हे वाचून एखादा वकील विचारतो, यांना जामीन का मिळत नाही? काका म्हणतात, बघा, गुन्हे कोण करतं ते. आकडा तोच, पण दोघं दोन वेगळी वाक्यं बोलतात. ती वाक्यं माणसांची असतात, त्यांची जबाबदारी आकड्यावर ढकलता येत नाही.

आणि पारध्यांच्या बाबतीत हे वाक्य आधी सरकारने लिहिलेलं आहे, आकडे मागून आले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्माला आलात की नाव नोंदवहीत. भावजयीच्या आजोबांना रोज हजेरी द्यावी लागायची, परगावी जायचं तर पास. अशा जमातींना कुंपणात डांबायच्या त्या सेटलमेंट. सोलापुरात सेटलमेंट हे वस्तीचं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे, ते उगाच नाही. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. तिचा भाऊ आज स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, आणि गावात चोरी झाली की गाडी पहिली त्याच्या वस्तीवर येते. आधी संशयाने पकडायचं, मग पकडलेल्यांची संख्या दाखवून संशय बरोबर होता म्हणायचं. हा गोल गोल फिरणारा हिशेब काकांना कळू नये? ज्यांची हयात नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटांचे नंबर तपासण्यात गेली!

हे माझं म्हणणं नको असेल तर सर्वोच्च न्यायालयाचं घ्या. ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा. तुरुंगांतली जातीवरून कामं वाटण्याची पद्धत न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. विमुक्त, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या, जमातींना सराईत गुन्हेगार धरणारे तुरुंगांचे नियमही. आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाच काढून टाकायला सांगितला. एक साधा रकाना! त्याने माणसाची अप्रतिष्ठा होते हे न्यायालयाला पटलं, आणि मेसेजवाला म्हणतो आकड्यांना जात नसते.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. लग्नाच्या पंगतीत नवरीच्या बापाला "कर्ज किती काढलंत?" असं मोठ्याने विचारा. उत्तर खरंच येईल. तरी पुढच्या लग्नाला तुम्हाला कुणी बोलावणार नाही. तिसरा मुद्दा म्हणजे नुसती दमदाटी. गप्प बसलात तर कबुली, बोललात तर पाप.

चौथ्यात मात्र तथ्य आहे, मान्य करते, नाइलाजाने. झोंबतो म्हणून आकडा गाडून टाकायचा नसतो. महाराष्ट्रात ० ते ६ वयात हजार मुलांमागे मुली २००१ ला ९१३ होत्या, २०११ ला ८९४ झाल्या. हा आकडा कितीतरी सुखवस्तू घरांना बोचतो, आणि बोचू दे. तो पोटातल्या मुली कुठे गेल्या ते विचारतो; कुणाच्या जन्मावरून निकाल देत नाही. आणि मोजणीची मागणी तर विमुक्त-भटक्यांचीच जुनी आहे. त्यांच्यासाठी नेमलेल्या रेणके आयोगाचा अहवाल २००८ चा, तेव्हापासून आमची नीट गणती करा म्हणून ते सांगताहेत. मोजायला ना नाही. पण जिथे मोजलंच नाही तिथे टक्केवारी छापायची, आणि ती एकोणीस माणसांच्या ग्रुपवर, त्यातल्या एकीला उद्देशून नाही असं म्हणत टाकायची, याला आकडेवारी म्हणत नाहीत.

आणि एक सांगायचं राहिलं. काकांच्या घरी दर भाद्रपदात गणपती येतो तो नाशिकरोडच्या कारागृहातून, कैद्यांनी घडवलेला. मूर्ती फार सुबक असते म्हणून ते स्वतः जाऊन निवडून आणतात. हात कुणाचा ते आजवर त्यांनी विचारलेलं नाही.

ग्रुपवर मी फक्त तीन गोष्टी विचारल्या: कोणतं वर्ष, कोणता तक्ता, कोणतं पान. उत्तर म्हणून काकांनी गुलाबाच्या फुलासकट शुभ रात्री पाठवलं. भावजयीला मी रात्रीच कळवलं, की तो आकडा त्या अहवालात नाहीच. येत्या रविवारी सगळे काकांकडे जेवायला आहोत. अहवालाची प्रिंट घेऊन जाते, चष्मा त्यांनी शोधून ठेवावा.