डाएट दिवसा, भूक रात्री

कट्ट्यावर कुणी डाएट सुरू केलं की लगेच दोन पक्ष पडतात. एक 'खा रे, काही होत नाही' म्हणणाऱ्यांचा, दुसरा 'तुझं मनच खंबीर नाही' म्हणणाऱ्यांचा. पिंट्याच्या वेळी मात्र वाद जरा खोलात गेला, म्हणून लिहून काढतोय. वजन उतरवण्याचा तयार तक्ता हवा असेल त्यांनी इथूनच परत फिरावं, तो इथे नाही.

पिंट्या सायकलवरून पार्सलं पोचवतो. वजन ८४ किलो. त्याची तक्रार अशी: "दिवसभर मी राजा असतो रे. सकाळी एक फळ, दुपारी सॅलड, मधे काळी कॉफी. भूक लागतच नाही. आणि रात्री साडेनऊ वाजले की काय अंगात येतं कळत नाही. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ब्रेड, चीज, बिस्किटं, हाताला लागेल ते. पोट दुखेपर्यंत."

"म्हणजे दिवसाचं रात्री खाल्लंस," पंत म्हणाले. पंतांचा जन्म हिशेब तपासण्यात गेला. "बेरीज तीच. तक्रार कसली?"

"तीच नाही ना पंत. जास्तच भरते."

कोच इतका वेळ ऐकत होता. तो पोहायला शिकवतो आणि सगळ्या प्रश्नांवर त्याचं उत्तर 'शिस्त' हे असतं. पण या वेळी त्याने मुद्दा चांगला मांडला. भूक सरळ वर चढत जात नाही, येते, टोकाला जाते आणि ओसरते, असं त्याचं म्हणणं. "घ्रेलिन नावाचं हार्मोन आहे. १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधलं. जठरातून सुटतं, नेहमीच्या जेवणवेळेआधी वाढतं, आणि तू नाही खाल्लंस तरी थोड्या वेळाने खाली येतं. तू रोज साडेनऊला खातोस, म्हणून रोज साडेनऊला लागते. अर्धा तास दम धर. भुकेने अर्ध्या तासात कुणी मेलं नाही."

"ते दुपारी पोटभर जेवलेल्याला सांग," सिस्टर म्हणाली. "त्याची भूक सवयीची. याची खरीच आहे. पिंट्या, ॲप किती खायला सांगतं तुला?"

"१४०० कॅलरी."

"आणि कामाचं काय भरलंस त्यात?"

पिंट्या चपलेचा पट्टा नीट करायला लागला. मग म्हणाला, "बैठं."

"बैठं?"

"अगं, बैठं टाकलं की आकडा कमी येतो. म्हटलं लवकर उतरेल."

"सायकलवर बसूनच असतो की तो," पंत म्हणाले. "चूक नाही."

हसणं थांबल्यावर सिस्टरने मिनेसोटाची गोष्ट काढली. १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना अर्धपोटी ठेवून पाहिलं. युद्धामुळे उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालावं, हे शोधायचं होतं. सगळे स्वखुशीने आलेले. आधी त्यांना रोज सुमारे ३२०० कॅलरी मिळत होत्या, त्या २४ आठवडे सुमारे १५७० वर आणल्या. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. "काय झालं माहितीये? माणसं खाण्याशिवाय कशाचाच विचार करेनात. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. चिडचिड, उदासी, सतत थंडी. आणि खाणं पुन्हा सुरू झाल्यावर पोट भरलं तरी मन भरेना. त्यांना १५७०. याला १४००. आणि हा आठवड्यात किती किलोमीटर सायकल मारतो ते तूच मोज."

"ते बारीकच होते आधीपासून," कोच म्हणाला. "पिंट्याकडे साठा आहे. शरीराने तो वापरावा, त्यासाठीच तर चाललंय."

हा मुद्दा बिनतोड वाटला मला. पण सिस्टरकडे त्यालाही उत्तर होतं. साठा किती आहे याची खबर मेंदूला लेप्टिन देतं, हे हार्मोन १९९४ मध्ये सापडलं. गंमत अशी की खाणं एकदम तोडलं की ते थोड्याच दिवसांत घसरतं, चरबी अजून जेमतेम हललेली असताना. म्हणजे ८४ किलोच्या माणसाच्या मेंदूलाही 'दुष्काळ पडला' असाच निरोप जातो. आणि जसजसं वजन उतरतं तसतशी ओढ वाढते: उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक दिवसाला साधारण १०० कॅलरींनी वाढते, तर खर्च फक्त वीस-तीसने घटतो, असा हिशेब २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडला होता.

"म्हणजे शरीर आपल्याला फितूर आहे," पिंट्या म्हणाला.

"शरीर आपल्याच बाजूने आहे. त्याला आरसा दिसत नाही एवढंच."

पंतांना मात्र वेगळीच शंका होती. कष्ट करणाऱ्याला भूक जास्त लागते, मग हा गडी दिवसभर पायडल मारून उपाशी राहतोच कसा? इथे मला पूर्वी वाचलेलं आठवलं. १९५६ मध्ये आहारशास्त्रज्ञ जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधल्या एका ताग गिरणीतल्या कामगारांचं खाणं आणि काम मोजलं. जड काम करणारे जास्त खात होते, हे अपेक्षितच. पण अगदी बैठं काम करणारे हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त खात होते. म्हणजे भूक आणि कष्ट यांचं गणित वाटतं तितकं सरळ नाही. त्या अभ्यासावर पुढे बऱ्याच शंका घेतल्या गेल्या, हेही सांगायला हवं.

"आणि जोरात व्यायाम झाला की तासभर भूक मरते," कोच म्हणाला. "माझी पोरं पाण्यातून बाहेर आली की आधी काही खायला मागत नाहीत. घ्रेलिन दबलेलं असतं."

"मग तेच तर!" सिस्टर जवळजवळ ओरडली. "तूच बोललास. हा दर दोन तासांनी जोर लावतो, भूक दबते, वर कॉफी, वर घाई, वर ग्राहकांचे फोन. याला वाटतं आपण भूक जिंकली. ती जिंकलेली नसते, ऐकू आलेली नसते. काम संपलं, अंघोळ झाली, टेकला, की ऐकू येते."

"उधारी," पंत म्हणाले. "दिवसभर सही करून माल उचलायचा आणि रात्री दुकानदार दारात." पंतांना आवडेल अशा भाषेत गोष्ट आली, त्यामुळे तिथून पुढे ते सिस्टरच्या बाजूला गेले, आणि कोच एकटा पडला.

मला स्वतःला वाटतं, वादाचा गाभा इथेच होता. रात्रीच्या खादाडीवर सगळे रात्रीचे उपाय सांगतात: दात घासा, पाणी प्या, लवकर झोपा. पण पिंट्यासारख्याची रात्र दुपारी एक वाजताच बिघडलेली असते. २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांनी तेवढ्याच कॅलरी एकदा सकाळी जास्त आणि एकदा रात्री जास्त अशा देऊन पाहिल्या. वजन दोन्हीकडे सारखंच उतरलं, त्यामुळे 'सकाळी खाल्लेलं जळतं' वगैरे बाता मारू नयेत. पण सकाळी भरपूर खाणाऱ्यांना दिवसभर भूक कमी जाणवली. रोजचं निभावायचं असेल तर हा फरक लहान नाही.

"सकाळी मला जातच नाही," पिंट्या म्हणाला.

"रात्री अकराला ब्रेडचं अर्धं पाकीट खाल्ल्यावर कसं जाईल?"

मग गाडी काय खायचं यावर आली आणि तिथे बटाट्यावरून खरी हाणामारी झाली. पिंट्याने बटाटा पहिल्याच दिवशी बंद केला होता, कोचच्या सांगण्यावरून. सिस्टर म्हणाली, तोच आधी परत आण. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुसॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ प्रत्येकी २४० कॅलरींइतके खाऊ घातले आणि पुढचे दोन तास पोट किती भरलेलं वाटतं ते विचारलं. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. क्रोसाँ या लोणीदार फ्रेंच पावाला मिळाले ४७. उकडलेल्या बटाट्याला ३२३, सगळ्यांत वर.

"बटाटा म्हणजे नुसता स्टार्च," कोच म्हणाला.

"बटाटा म्हणजे बरंचसं पाणी. आणि त्या प्रयोगात माणसं मोजकीच होती, दोन तासांच्या पुढचं कुणी पाहिलं नाही, तेही मान्य. पण २४० कॅलरींचा उकडलेला बटाटा एका बैठकीत संपवून दाखव, मग बोल."

"तळलेला चालतो का?" पंतांनी विचारलं. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

पाण्याचीही एक गंमत आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात बार्बरा रोल्स या संशोधिकेने १९९९ मध्ये तोच पदार्थ एकदा नुसता दिला, एकदा सोबत ग्लासभर पाणी देऊन, आणि एकदा तेच पाणी आत घालून सूप करून. नुसत्या पाण्याच्या ग्लासाने काही फरक पडला नाही. सूप प्यायलेल्या बायका मात्र पुढच्या जेवणात साधारण १०० कॅलरी कमी जेवल्या. तेव्हा 'भूक लागली की पाणी पी' हा सल्ला देणाऱ्यांनी ते पाणी अन्नात घालावं. फळं, भाज्या, दही, पातळ डाळ, यांच्यात ते आधीच असतं.

पिंट्याचं सॅलड याच कसोटीवर नापास झालं. पाणी भरपूर, चोथाही, पण प्रथिनं जवळपास शून्य. त्यात दोन-तीन उकडलेली अंडी किंवा वाटीभर शिजवलेलं कडधान्य घातलं असतं तर दुपार निभावली असती. इथे कोच आणि सिस्टर पहिल्यांदा एका सुरात बोलले: व्यायाम करत वजन उतरवणाऱ्याने किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं धरावीत. पिंट्याला दिवसाला १३० ग्रॅमच्या आसपास. त्याने बोटांवर मोजून पाहिलं, ४० भरलं.

"पण खायला वेळ कुठे आहे? एक पार्सल उशिरा गेलं की बोलणी."

"ब्रेड-बिस्किटाला वेळ मिळतो तो कसा?"

"ते पटकन जातं."

"म्हणूनच जास्त जातं." २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं आणि दोन आठवडे साधं खाणं दिलं, हवं तेवढं खा म्हणून. कारखान्यातल्या खाण्यावर असताना ते दिवसाला ५०० कॅलरी जास्त खात होते, आणि खातही होते भराभर.

त्यावर तोडगा पिंट्याचाच निघाला, तो असा की दुपारचा डबा एका जागी बसून खायला जमत नसेल तर त्याचे दोन भाग करायचे आणि दोन थांब्यांवर खायचे, भूक लागो न लागो. 'भूक लागो न लागो' याला कोचचा सक्त विरोध. डाएटवर असताना भूक नसताना खायचं, हे त्याच्या धर्मात बसत नव्हतं. सिस्टर म्हणाली, ज्याची भूक कामाने दबते त्याने भुकेला विचारून खायचं नाही, घड्याळाला विचारून खायचं. मी सिस्टरच्या बाजूने.

झोपेवर फार बोलणं झालं नाही, कारण सिस्टरची रात्रपाळी हा विषय तिला नकोसा आहे. दोन रात्री चार-चार तासच झोपू दिलेल्या तरुणांत घ्रेलिन २८ टक्के वाढलं आणि लेप्टिन १८ टक्के घटलं, असं २००४ च्या शिकागोतल्या एका छोट्या प्रयोगात दिसलं होतं, एवढंच तिने सांगितलं आणि वर म्हणाली, "रात्रपाळीनंतरच्या दिवशी मी कॅलरी मोजत नाही. तो दिवस डाएटमध्ये धरूच नये."

मग तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाणं, कुठल्या दिवशी काढायची? माझं मत, कामाच्या दिवशी थोडी आणि सुट्टीला जास्त. कोच म्हणाला, सुट्टीच्या दिवशी माणूस फ्रीजपासून दहा पावलांवर असतो, तेव्हा कमी खायला सांगणं म्हणजे थट्टा. त्याचं काही अगदीच चुकत नाही. हा मुद्दा मिटला नाही.

सिस्टरने मात्र एक गोष्ट हसत नाही, दटावून सांगितली. चक्कर, सतत थंडी वाजणं, बाईची पाळी चुकणं, बारीकसारीक दुखापती भरून न येणं, ही भूक 'मारल्याची' लक्षणं आहेत, तिथे डाएट थांबवून डॉक्टर गाठायचा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्याने तर जेवण चुकवण्याचे प्रयोग विचारल्याशिवाय करूच नयेत. आणि रात्रीचं ते खाणं हाताबाहेर जातंय, थांबवू म्हटलं तरी थांबत नाही, असं वारंवार झालं तर तेही डॉक्टरला सांगायचं, लाजायचं नाही.

पिंट्याने तिथेच ॲप उघडून 'बैठं' काढून 'खूप हालचाल' टाकलं. आकडा आला २४००. कोच दचकला. "२४०० खाऊन कोण बारीक होतं? २०००."

"२०००वर हा पुन्हा रात्री स्वयंपाकघरात," सिस्टर म्हणाली.

"२२००," पंत म्हणाले, "आणि आठवड्याला अर्धा किलो उतरलं नाही तर दोन्ही पक्षांनी माझ्याकडे यायचं."

"वजन रोज करायचं आणि आठवड्याची सरासरी बघायची," कोच म्हणाला. "रोजचा आकडा पाण्याने हलतो."

"चालेल. पण सकाळच्या खाण्यात बटाटा."

"उकडलेला."

"उकडलेलाच. पंत, तुम्ही गप्प बसा."