पाऊण मिलिमीटरचा अपमान

गेल्या शनिवारी पुण्यात कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर माझा नेमका पाऊण मिलिमीटरचा अपमान झाला आणि तो मला अजून पचलेला नाही.

देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे एम ३१चा, फोटो काढण्याच्या नादाला मी दिवाळीपासून लागलो आहे. माझ्या दुर्बिणीच्या मागच्या टोकाला फोटोच्या कडांपर्यंत तारे गोल ठेवणारे फ्लॅटनर नावाचे भिंग आहे आणि त्याच्यापासून कॅमेऱ्याचा सेन्सर ५५ मिलिमीटरवर असावा लागतो. कॅमेऱ्याच्या पोटातले १७.५, मध्ये अंतरासाठी बसवलेले एक कडे १६.५चे आणि दुसरे २१चे, ही बेरीज मी अनेकदा करून पाहिली होती आणि ती दर वेळी ५५च आली होती. तरीही फोटोच्या मध्यावरचे तारे गोल आणि चारही कोपऱ्यांतले तारे मात्र केंद्रापासून पळ काढल्यासारखे ताणलेले येत. सेन्सर फार जवळ बसला आहे असा त्याचा बहुधा अर्थ असतो, म्हणून मी कड्यांच्या मध्ये प्लास्टिकच्या चकत्या घालू लागलो.

खरे दुखणे तिथून सुरू झाले. देवयानी आकाशात सुमारे तीन अंश लांब आणि एक अंश रुंद पसरलेली आहे, आणि माझ्या ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून सेन्सरवर मावतो तो आकाशाचा ३.४ बाय २.२ अंशांचा तुकडा. कॅमेरा तिच्या लांबीला जुळवून फिरवला तरच ती आत मावते. पण कड्यांच्या आट्यांचा पिच, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात कडे जेवढे पुढे सरकते ते अंतर, ०.७५ मिलिमीटर असतो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चकती घातली की कॅमेरा आधीच्या जागेपासून २४० अंश अलीकडेच घट्ट होतो. अंतर सुधारावे तर कोन बिघडतो, आणि कोनासाठी कडे सैल सोडावे तर अंतर बिघडून वर कॅमेरा डुगडुगतो. फिरवण्यासाठी वेगळा रोटेटर मिळतो. मात्र तो फ्लॅटनरच्या मागे बसवला तर त्याची जाडीही त्याच ५५मध्ये कोंबावी लागते, आणि त्याची किंमत घरात सांगता येत नाही.

या शहरात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था स्थापन झाली, विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, आणि तरीही आमच्या सोसायटीने गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी असा एक एलईडी दिवा लावला आहे की त्याच्या उजेडात मोडी वाचता यावी. तो रात्री दोन तास बंद ठेवावा असा अर्ज मी दिला, तेव्हा चोर आले तर जबाबदार कोण, असे मला लेखी विचारण्यात आले. पाचव्या मजल्याच्या वर, टाकीपाशी, चोर काय नेणार आहेत हे मी विचारले नाही, कारण तिथे नेण्यासारखी एकच वस्तू असते आणि ती माझी आहे. दुर्बीण ज्याच्याशी जुळवून घ्यावी लागते त्या ध्रुवताऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. पुण्यातून तो जेमतेम साडेअठरा अंशांवर दिसतो, म्हणजे माझ्यापुरता तो समोरच्या इमारतीच्या लिफ्टच्या खोलीमागे राहतो.

तर शनिवारी त्या दिव्यावर जुने पोते टाकून मी तिसऱ्यांदा कडे उघडत असताना तळमजल्यावरचे काका शतपावली करीत वर आले. भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून ते निवृत्त झाले आहेत. कानटोपी, स्वेटर आणि पाठीमागे बांधलेले हात, अशा अवस्थेत ते पाच मिनिटे काहीही न बोलता उभे राहिले. पुण्यात यालाच तपासणी म्हणतात.

“काय चाललंय?” अखेर त्यांनी विचारले.

“कॅमेरा फिरवतोय, काका.”

“कॅमेरा कशाला फिरवता? फोटो फिरवा की.”

या वाक्याला उत्तर आहे, पण ते देण्यासाठी आयताकृती सेन्सर, दीर्घिकेची लांबी आणि कापली जाणारी टोके हे सगळे समजावून सांगावे लागते. मी ते सांगितले. काकांनी पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे कागद लहान आणि चित्र मोठं. मग मोठा कागद घ्यायचा.” मोठ्या सेन्सरचा भाव सांगितल्यावर त्यांनी कानटोपी काढून पुन्हा घातली.

एवढ्यावर ते गेले असते तर मी हा प्रसंग चार जणांत हसून सांगितला असता. पण ते खाली जाऊन व्हर्निअर घेऊन आले. दोन्ही कडी त्यांनी तीन-तीन ठिकाणी मोजली, “माल बरोबर आहे” असा दाखला दिला आणि मग सहज विचारले, “मध्ये काच आहे का कुठं?”

काच होती. दोन मिलिमीटर जाडीचा फिल्टर मीच बसवला होता. मधल्या काचेमुळे प्रकाश पुढे जाऊन एकवटतो आणि तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश अंतर वाढवावे लागते, हेही मला माहीत होते. फक्त ते मी बेरजेत धरले नव्हते.

“म्हणजे पॉइंट सात कमी पडतंय,” मी पुटपुटलो. “पण पॉइंट सात घातलं की कॅमेरा चोवीस अंश फिरणार.”

“मग पॉइंट सात घालताच कशाला? पिच किती म्हणालात? पाऊण ना? पाऊणच घाला. पूर्ण फेरा होईल, कॅमेरा आहे तिथंच बसेल.”

मी गप्प राहिलो. दोन महिने मी ज्या दोन गोष्टींना परस्परांच्या वैरी समजत होतो त्यांचा समेट या गृहस्थांनी कानटोपीतून केला होता, आणि पाच शतांश मिलिमीटरच्या फरकाने माझ्या ताऱ्यांचे काहीही वाकडे होणार नव्हते. माझ्याकडे पाव मिलिमीटरची चकती नाही, ही एकच फट मला शिल्लक दिसली, म्हणून मी ती पुढे केली. काकांनी स्वेटरच्या आतून कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका काढली, व्हर्निअरमध्ये धरली आणि म्हणाले, “पंचवीस. मुहूर्त टळून गेलाय, कापा.”

अर्ध्या मिलिमीटरची चकती आणि त्यावर मुंजीच्या पत्रिकेची चकती घालून मी कडे आवळले. कॅमेरा जागच्या जागी थांबला. त्या रात्री चारही कोपऱ्यांतले तारे गोल आले.

रविवारी काकांनी फोटो मागितला म्हणून मी तो पाठवला. दुपारी तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा डीपी झालेला दिसला. दीर्घिका उभी केलेली होती, खाली “आता सरळ केला आहे” असे लिहिले होते, आणि डीपी गोल असल्यामुळे चारही कोपरे कापले गेले होते.