चिपच्या नोकरीचा तो मेसेज आणि नाशिकची पोरं

गेल्या आठवड्यात आत्याने एक मेसेज पाठवला. खाली लिहिलं होतं, "अरे, हे खरं आहे का बघ रे. घरात कुणाला झोप नाही." तिचा नातू नाशिकमध्येच मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सेमीकंडक्टरमध्ये, म्हणजे चिपच्या क्षेत्रात, जायचं म्हणतोय. दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: भारतात चिप बनतच नाही, म्हणून नोकऱ्याही नाहीत. ज्या थोड्या आहेत त्या आयआयटीवाल्यांच्या. ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम) सोडून इतरांनी नादी लागू नये. तरीही जायचंच असेल तर सहा महिन्यांचा व्हीएलएसआय (चिप डिझाइनचा) कोर्स करा, बारा लाखांचं पॅकेज पक्कं. आणि घाई करा, कारण उरलेल्या नोकऱ्या एआय खाणार आहे. शेवटी एक फोन नंबर.

मी नाशिकच्याच कॉलेजातून ई अँड टीसी केलं आणि अकरा वर्षं चिपच्या व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे डिझाइन बरोबर चालतं का ते तपासण्याच्या कामात आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"भारतात चिप बनतच नाही." चिप बनवणं हे एक काम नाही, तीन आहेत: आधी डिझाइन, मग फॅबमध्ये (चिपच्या कारखान्यात) वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, ती घडवणं, मग पॅकेजिंग आणि टेस्टिंग. यातलं डिझाइन आपल्याकडे जुनं आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ मध्ये बंगळूरला आली, आणि आज जगातल्या चिप डिझाइन इंजिनिअरांपैकी साधारण २० टक्के भारतात आहेत. फॅबचं म्हणाल, तर मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या चिप बनतात, इस्रोसाठीचा विक्रम प्रोसेसर तिथलाच. मोठा व्यावसायिक फॅब टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून धोलेऱ्याला उभारत आहेत: फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी, ९१,००० कोटींची गुंतवणूक, महिन्याला ५०,००० वेफरची क्षमता. फॅब मंजुरीनंतर सहा महिन्यांत सुरू होत नाही, तेव्हा 'उद्या लाखो नोकऱ्या' असं सांगणाराही तितकाच फसवतोय. पॅकेजिंग मात्र आपल्या अगदी जवळ आलंय. अंबडला जिचे स्विचगियरचे कारखाने आहेत, त्याच सीजी पॉवरच्या साणंदच्या प्रकल्पात ऑगस्ट २०२५ मध्ये पायलट लाइन (चाचणी उत्पादन) सुरू झाली. नाशिकहून रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसलं की सकाळी अहमदाबाद, तिथून साणंद हाकेच्या अंतरावर.

"आयआयटी नसेल तर विसरा." यात थोडं तथ्य आहे. मोठ्या डिझाइन कंपन्या कॅम्पस भरतीला आधी आयआयटी-एनआयटीतच जातात, आणि अ‍ॅनालॉग डिझाइनला बहुतेकदा एम.टेक. मागतात. पण एम.टेक.च्या प्रवेशाची गेट परीक्षा पंचवटीतल्या मुलालाही तीच आणि पवईतल्या मुलालाही तीच. गेट नको असेल तर सर्व्हिस कंपन्यांतून (दुसऱ्यांच्या चिपचं काम करून देणाऱ्या) व्हेरिफिकेशनमध्ये शिरता येतं. मी तसाच शिरलो. पहिली दोन वर्षं पगार कमी होता, हेही सांगतो.

"ई अँड टीसी सोडून बाकीच्यांना जागा नाही." या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतंय आणि मला राग येतो तो याचाच. डिझाइनपुरतं ते बऱ्याच अंशी खरं असेल, पण फॅबमध्ये पाऊल टाकलं की चित्र उलटं होतं. तिथली कित्येक यंत्रं व्हॅक्यूममध्ये चालतात, वेफर रोबो उचलतो, एचिंगला (थर कोरायला) आणि डिपॉझिशनला (थर चढवायला) विषारी, पेट घेणारे वायू लागतात, धुवायला अतिशुद्ध पाणी लागतं. हे सगळं चालतं ठेवणार कोण? मेकॅनिकल, केमिकल, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशनची माणसं. इक्विपमेंट इंजिनिअर पंप बदलतो, चेंबर उघडून साफ करतो, पार्टचं आयुष्य मोजतो. प्रोसेस इंजिनिअर थराची जाडी रोज चार्टवर बघतो आणि ती सरकायला लागली की वेफरचा लॉट खराब व्हायच्या आत थांबवतो.

हे वाचून सातपूर-अंबडमध्ये इंटर्नशिप केलेल्या मुलाला काही ओळखीचं वाटलं पाहिजे. एसपीसी चार्ट (मोजमाप सरकतंय का ते दाखवणारा आलेख), सीपीके, एफएमईए, एट-डी रिपोर्ट अशा दर्जा सांभाळायच्या पद्धती: गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात जी शिस्त शिकवतात, तीच फॅबमध्ये चालते. मायक्रॉनच्या जागी नॅनोमीटर येतो. आपल्या औषध कंपन्यांत काम केलेल्यांना क्लीनरूममध्ये गाऊन घालून तासन् तास उभं राहणंही ठाऊक असतं. हा अनुभव रेझ्युमेत शेवटच्या ओळीत लपवायचा नसतो, वर लिहायचा असतो. एक गोष्ट मात्र घरी बोलून ठेवा: फॅब चोवीस तास चालतो, रात्रपाळी चुकत नाही.

"सहा महिन्यांचा कोर्स, बारा लाखांचं पॅकेज." मी पास झालो तेव्हा अशाच एका क्लासला वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढून पैसे भरले. 'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे मुलाखतीचे तीन पत्ते निघाले, त्यातले दोन चुकीचे. सगळेच क्लास असे नसतात, चांगले शिकवणारेही आहेत. पण पैसे भरण्याआधी फुकट काय मिळतं ते बघा. गुगल आणि स्कायवॉटरने १३० नॅनोमीटरची पीडीके (फॅबसाठी डिझाइन करायला लागणारे नियम आणि फाइल्स) २०२० मध्येच सर्वांसाठी खुली केली. ओपनलेन, मॅजिक, आयकेरस व्हेरिलॉग ही टूल्स साध्या लॅपटॉपवर चालतात. केंद्राच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेतून कॉलेजांना महागडी ईडीए टूल्स (चिप डिझाइनची सॉफ्टवेअर) मिळतात. तुमचं कॉलेज त्यात आहे का, हे एचओडींना जाऊन विचारा. एक छोटा यूएआरटी (एकेक बिट पाठवणारं साधं सर्किट) स्वतः लिहून, त्याचा टेस्टबेंच (तपासणीचा कोड) उभा करून, सापडलेला बग समजावून सांगणारा मुलगा मुलाखतीत लगेच ओळखू येतो. मी मुलाखती घेतो, म्हणून सांगतो.

राहिला एआय. चिपवर लॉजिक गेट कुठे बसवायचं आणि तार कुठून न्यायची हे सॉफ्टवेअर गेली कित्येक दशकं करतंय, तरी इंजिनिअर वाढतच गेले. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियममधली भागाकाराची चूक कंपनीला ४७.५ कोटी डॉलरला पडली, कारण सिलिकॉनमध्ये गेलेली चूक मोबाइल अ‍ॅपसारखी अपडेट करून दुरुस्त होत नाही. 'हे बरोबर आहे' म्हणून सही करणारं माणूस लागणारच.

आत्याला फोनवर एवढं सगळं सांगितलं नाही. रविवारी नातवाला घेऊन ये म्हटलं, आणि येताना त्याची इंटर्नशिपमधली एसपीसीची वही आणायला सांगितली आहे.