तवशामागचा पखवाजवाला

परवा कुडाळच्या स्टँडवर मला कळलं की मी नाहीये. म्हणजे मेलोय असं नाही, मुळात झालोच नाही.

झालं काय, चतुर्थीत बुवांच्या भाच्याने आमच्या भजनाचा व्हिडिओ काढला, नेमका माटवीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या टांगतात त्या चौकटीच्या बाजूने. बुवा पेटीसकट झकास, झांजवाला झकास, कोरसात जांभया देणारा पोरगासुद्धा दिसतोय, आणि माझ्या तोंडासमोर माटवीला टांगलेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी. अख्खी सात मिनिटं. तवसं हललं की एक कान दिसतो. व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपांवर फिरला, कुणा चाकरमान्याच्या पोराने खाली टाकलं, "पखवाज एआयचा आहे", आणि माझा विषय संपला.

स्टँडवर शेजारी एक आजोबा बसलेले, पिशवीतून हातभर पडवळ बाहेर, आणि मोबाईल कानाला लावून हेच भजन ऐकतायत. मी उगाच हुरळलो.

"आजोबा, ह्यो पखवाज मिया वाजवलंय."

"गप रे. ता मशीन आसा."

"मशीन नाय, मियाच."

"मगे खंय दिसतस?"

"तवशामागे."

त्यांनी स्क्रीन नाकाला लावली, तवसं बघितलं, मग मला बघितलं. "तवसां बरां आसा," म्हणाले.

मी नखं पुढे केली. पखवाजाच्या डाव्या अंगाला खर्ज घुमावा म्हणून कणीक थापतात, ती चतुर्थीभर नखांतून निघत नाही, यापेक्षा मोठा पुरावा काय द्यायचा माणसाने? आजोबा हळहळले. "घरकारीण म्हायेराक गेली वाटता. चपात्यो तूच करतस?" आणि पडवळाने माझा दंड टोचून बघितला.

बीटल्स बँडच्या पॉल मॅकार्टनीचं पण असंच केलेलं लोकांनी. 1969 साली उठवलं की तो केव्हाच मेला, हा बदली माणूस आहे, आणि पुरावा काय, तर रेकॉर्डच्या कव्हरवर अनवाणी चालतोय! त्या हिशेबाने आमच्या अर्ध्या वाडीचं तेरावं उरकायला हवं होतं. पण त्याला निदान लाइफ मासिकात मुलाखत देऊन जिवंत होता आलं. आमच्या बाबांना पेन्शनसाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला लागतो, तिथेही अंगठा टेकवला की काम होतं. पखवाजवाल्याला तो काउंटरपण नाही.

आणि लोकांना तरी काय बोलणार, 2025 मध्ये तो वेल्वेट सनडाउन नावाचा बँड निघाला, महिन्याला दहा लाखांवर माणसं ऐकत होती, शेवटी सगळा एआयचाच कारभार निघाला. म्हणजे जो नाही त्याला दहा लाख, आणि मी आहे, पावसात पखवाजाची पुडी, म्हणजे कातडं, ढिली पडते म्हणून रात्री दोन वाजता हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसतो, तर शाल-नारळ बुवांना आणि मला उसळपाव, तोही घरवाल्याने माणसं मोजताना मला धरलं असेल तर. बुवांनी माईकवर एकदा नाव घेतलं असतं ना, तर ही वेळच आली नसती, पण जाऊ दे, उद्या परत त्यांच्याच शेजारी बसायचंय.

"वाजव बघूया," आजोबा म्हणाले.

पत्र्याच्या बाकावर वाजवलं. गजराचा ठेका, मग दुगुन, बोटं लाल होईपर्यंत. बाकाखालचं कुत्रं उठून गेलं. आजोबा डोळे मिटून ऐकत होते, मान अगदी समेवर हलत होती.

"बरां वाजवतस झिला," पिशवी उचलत म्हणाले. "पण त्या मशीनची सर नाय."