जन्मतारखेवरून भंगार

‘परदेशात दहा वर्षांची गाडी सरळ मोडीत काढतात’ हे वाक्य गेल्या वर्षभरात मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता ते ऐकले की माझे डोके फिरते. निमित्त दिल्लीचे होते. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचे नाही, असा हुकूम १ जुलै २०२५ पासून तिथे लागू झाला, लोकांनी आरडाओरडा केल्यावर काही दिवसांतच गुंडाळला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नये, असे न्यायालयाने ऑगस्टमध्ये सांगितले आणि डिसेंबरमध्ये हा दिलासा धुराच्या बीएस-४ किंवा त्यापुढच्या मानकांच्या गाड्यांपुरताच ठेवला. या सगळ्या गोंधळात दिल्लीतल्या जुन्या डिझेल गाड्यांचे भाव पडले आणि कऱ्हाडच्या माझ्या मावसभावाने तिथली २०१६ची एक डिझेल गाडी हेरली. आमच्या थोरल्या मामांनी त्याला आडवे घातले. ‘दिल्लीने टाकलेले भंगार आपल्या दारात कशाला?’ हा त्यांचा पहिला मुद्दा आणि वरचे वाक्य हा दुसरा. ते म्हणताना त्यांचा रोख माझ्याकडे असतो, कारण परदेशाचा घरातला साक्षीदार मीच.

मी साक्ष द्यायला तयार आहे. मात्र ती त्यांच्या बाजूने पडणार नाही. मामांचा परदेश म्हणजे त्यांची लेक राहते ते सिंगापूर. तिथे १९९० पासून गाडी बाळगण्याचा परवानाच दहा वर्षांपुरता मिळतो. मुदत संपली की पुन्हा पैसे मोजून तो वाढवायचा, नाहीतर गाडी नोंदणीतून काढायची. एवढ्याशा बेटावर किती गाड्या मावतील, याचा तो हिशेब आहे. गाडी चांगली की वाईट, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही, आणि तिथून निघालेल्या कितीतरी गाड्या जहाजाने दुसऱ्या देशांत जाऊन पुढे वर्षानुवर्षे धावतात. आणि मी राहतो त्या जर्मनीत रस्त्यावरच्या मोटारींचे सरासरी वय दहा वर्षांहून अधिक आहे. म्हणजे मामांचा नियम इथे लावला तर उद्या सकाळी न्यूरेंबर्गच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या गाड्या ओढून न्याव्या लागतील आणि त्यांत पहिली माझी असेल.

माझी गाडी १९९४ची आहे: मर्सिडीजची डब्ल्यू १२४, मागे लांब सामानघर असलेली, बावीसशे सीसीचे पेट्रोल इंजिन. ती मी घेतली डॅनिश सीमेजवळच्या फ्लेन्सबुर्गमध्ये, म्हणजे घरापासून सातशे किलोमीटरहून दूर, आणि इतक्या लांब जाण्याचे कारण एवढेच की आमच्या बाजूला मिळत होत्या त्यांचे पत्रे खाली गंजून गेले होते. या गाडीचे इंजिन मरत नाही, अंग मरते. गुडघे टेकून, विजेरी घेऊन, दारांखालच्या प्लॅस्टिकच्या पट्टीतली झाकणे उघडून जॅक लावायच्या चारही जागा बघाव्या लागतात. पेचकसाच्या मुठीने ठोकले की धड पत्रा खणखणतो आणि आतून सडलेला पत्रा नुसताच भद्द वाजतो. माझ्या गाडीच्या तीन जागा खणखणल्या आणि चौथ्या जागी नवा पत्रा जोडल्याचे स्वच्छ दिसले. विकणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. त्यांनी न विचारताच त्या कामाचे बिल पुढे केले. त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासूनच्या बिलांची जाडजूड फाइल होती. त्या वर्षांच्या मॉडेलांमध्ये इंजिनाच्या वायरिंगवरचे आवरण कालांतराने भुगा होऊन पडते, हे या गाडीच्या वेड्यांना पाठ असते. ते वायरिंग बदलल्याचे बिलही तिच्यात होते. घासाघीस मी केली, पण फाइल पाहिल्यावर तिच्यात जीव राहिला नाही.

घरी आणण्यासाठी पाच दिवसांची तात्पुरती नंबरप्लेट लागते. उजव्या कडेच्या पिवळ्या पट्टीवर तिची शेवटची तारीखच छापलेली असते. ती मिळवायला गाडीची तांत्रिक तपासणी मुदतीत असावी लागते आणि विमा कंपनीने दिलेला एक क्रमांक लागतो. दोन्ही होते, म्हणून निघण्याआधीच ती आमच्या नोंदणी कार्यालयातून हातात पडली. एजंट नव्हता, ‘साहेब जेवायला गेलेत’ नव्हते. (हे वाक्य लिहिताना मला जे सुख होते ते सभ्य नाही, याची मला जाणीव आहे.) मग ए-सेव्हन महामार्गावरून दक्षिणेकडे: हाम्बुर्गला एल्बेखालच्या बोगद्यात ठरलेली कोंडी, हॅनोव्हरनंतर पाऊस, कासेलच्या चढांवर उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे, फुल्डा, व्युर्झबुर्ग, आणि तिथून ए-थ्री. या गाडीला पुढे एकच वायपर आहे. तो फिरताना लांब-आखूड होत काचेच्या वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो. ही करामत मी अर्धा रस्ता लहान मुलासारखी पाहत होतो. रात्री उशिरा घरी पोहोचलो तेव्हा तापमानाचा काटा जिथे असायला हवा तिथेच होता.

या सबंध व्यवहारात गाडीचे वय अडचण म्हणून कोणी काढले नाही. ब्रेक, दिवे, धूर, चेसिस, टायर दर दोन वर्षांनी तपासले जातात आणि नापास झाली तर दुरुस्त करून पुन्हा आणावी लागते. नव्या गाडीला पहिली सूट तेवढी तीन वर्षांची. तीस वर्षे पुरी झाली आणि गाडी मूळ रूपात, नीट राखलेली असली, तर तज्ज्ञाच्या दाखल्यावर तिच्या नंबराच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर लागते. मग रस्त्याचा कर वर्षाला सरसकट १९१ युरो ७३ सेंट आणि शहरांतल्या पर्यावरण क्षेत्रांमध्येही मुभा. मामांच्या हिशेबाने जिचे तेरावेही होऊन गेले असते, तिला इथले सरकार सांस्कृतिक वारसा म्हणून जपते.

आता आपल्याकडचा कारभार पाहा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची आणि त्या पंधरा वर्षांत पीयूसी सोडले तर तिच्या ब्रेकांकडे, चेसिसकडे, स्टिअरिंगकडे कोणाही सरकारी माणसाने बघण्याची सक्ती नाही. तीन वर्षांत खटारा करून टाकलेली गाडी उरलेली बारा वर्षे सन्मानाने फिरते, आणि एखाद्या निवृत्त मास्तरांनी गॅरेजात कापड घालून ठेवलेली गाडी सोळाव्या वर्षी संशयित होते. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० वर नेले. म्हणजे दंड वयाला आहे, अवस्थेला नाही. आणि दिल्लीचा तर विनोदच. तिथे डिझेलला दहाव्या वर्षी विष ठरवायचे आणि त्याच गाडीला ना-हरकत प्रमाणपत्र देऊन दुसऱ्या राज्यात पाठवायचे. गुरुग्रामच्या पुढे जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे आणि कऱ्हाड हा सगळा एकच राष्ट्रीय महामार्ग आहे, अठ्ठेचाळीस क्रमांकाचा. त्या रस्त्याने दक्षिणेकडे येता येता धूर कोणत्या नाक्यावर शुद्ध होतो, ते मला कोणी समजावून सांगावे.

याच जर्मनीने २००९ साली नऊ वर्षांहून जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला अडीच हजार युरो दिले होते. मामांना हे ठाऊक नाही आणि मीही ते सांगायला गेलेलो नाही. ती मंदीत सापडलेल्या कारखान्यांना केलेली मदत होती आणि तिच्यात सक्ती नव्हती, असे माझे उत्तर तयार आहे. स्टुटगार्टने २०१९ पासून जुन्या डिझेल गाड्यांना बंदी केली हेही खरे, पण तिथे निकष गाडीच्या धुराच्या मानकाचा होता. आपल्या न्यायालयाने डिसेंबरमध्ये बीएस-४ची रेघ ओढली तेव्हा तेही नेमके इकडेच वळले, आणि वयापेक्षा ही रेघ मला कितीतरी शहाणपणाची वाटते. अर्थात इथल्या बंद्यांमुळे नकोशा झालेल्या डिझेल गाड्या पूर्व युरोपात आणि आफ्रिकेतही गेल्या. म्हणजे दिल्ली जे कऱ्हाडला करते, ते आम्हीही कोणाला तरी करतोच. ‘आम्ही’ हा शब्द इथे कसा आला, ते मला सांगता येणार नाही.

खरा अडवणारा प्रश्न मामांनी विचारला नाही, मावसभावाने विचारला. तो म्हणाला, ‘दादा, तुझ्याकडे तपासणारा माणूस गाडीखाली शिरतो. आमच्याकडे गाडी घरी ठेवूनही पीयूसी मिळते. मग वयाचा नियम निदान विकत तरी घेता येत नाही.’ वर त्याने फोक्सवॅगनची आठवण करून दिली, ज्यांनी तपासणी यंत्रालाच फसवणारे सॉफ्टवेअर गाड्यांत घातले होते आणि २०१५ साली अमेरिकेत पकडले गेले. मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. मी त्याला मॅनहाइमची गोष्ट सांगितली. ज्या गावात पुढे कार्ल बेंझने मोटार बनवली, त्याच गावात १८६५ साली एका बिअरच्या कारखान्यातला बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी कारखानदारांनी स्वतःच्या बॉयलरांवर देखरेख करणारी संस्था काढली. आज इथे ज्या संस्था गाड्या तपासतात, त्यांतल्या सर्वांत नावाजलेल्यांचे मूळ त्या बॉयलरांत आहे. मोटारींची नियमित तपासणी सक्तीची झाली ती १९५१ मध्ये. विश्वास असा पिढ्यान्‌पिढ्या मुरतो, आणि त्याची सुरुवात मालकांना स्वतःच्या जिवाची भीती वाटल्यावर झाली, हे मी त्याला ठासून सांगितले. त्यावर तो म्हणाला, ‘म्हणजे अजून शंभर वर्षे थांबू?’ आपल्याकडे स्वयंचलित तपासणी केंद्रे उभी राहत आहेत, हे माझे उत्तर मला स्वतःलाच सरकारी प्रसिद्धिपत्रकासारखे वाटले. तरीही मी माझ्या मतावर कायम आहे. तपासणारा लाच खातो म्हणून तपासणीच सोडून जन्मतारीख धरायची, तर मग न्यायालयेही बंद करून कुंडलीवर निकाल द्यावेत.

हे सगळे मी इतक्या आवेशाने का मांडतो, याचे दुसरेही एक कारण आहे आणि ते वादात सहसा बाहेर काढत नाही. मी चिंचवडचा. वडील भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात प्रेसवर होते. मर्सिडीजने १९९५ मध्ये भारतात गाड्या जुळवायला सुरुवात केली ती टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरीच्या कारखान्यात, आणि तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी हीच, डब्ल्यू १२४. ती आमच्या अंगणात जुळवली जात होती आणि आमची होण्याची काडीचीही शक्यता नव्हती. वडील ती दिसली की सायकलवरून उतरत आणि ती वळून दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे राहत. जर्मनीत हीच गाडी म्हणजे एके काळची टॅक्सी. शेजारचे आजोबा ‘आमच्याकडेही होती, कुत्र्याला मागे मोकळे बसता यायचे’ यापलीकडे काही बोलले नाहीत. जिने चिंचवडला लोकांच्या माना वळल्या असत्या, ती मी अशा ठिकाणी घेतली जिथे एकही मान वळत नाही.

फ्लेन्सबुर्गची नंबरप्लेट मी तशीच ठेवू शकलो असतो. तशी सोय २०१५ पासून आहे आणि तिने पैसेही वाचतात. पण परगावची अक्षरे घेऊन गल्लीत फिरणे मला नको होते. मामांचा ‘डीएल’ पासिंगवरचा राग मला कळतो तो यामुळे. मी आमच्या शहराचा नंबर घेतला आणि दहा युरो वीस सेंट जास्तीचे भरून पसंतीची अक्षरे मागितली: एम आणि एच, पुढे चौदा. खिडकीतल्या बाईंनी ही तुमची आद्याक्षरे का, असे विचारले आणि मी हो म्हणालो. पिंपरी-चिंचवडचा आरटीओ क्रमांक त्यांना समजावून सांगण्याइतके माझे जर्मन चांगले आहे, पण मागे रांग होती.

मावसभाऊ दिल्लीची गाडी घेतोच आहे. कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद, ना-हरकत, दोन्ही हस्तांतरणाचे अर्ज आणि चेसिसचा ठसा हातात आल्याशिवाय पैसे सोडू नकोस, आणि नव्या नोंदणीला कायदा बारा महिने देत असला तरी महाराष्ट्राचा कर लगेच भरून कऱ्हाडचा एमएच-५० घेऊन टाक, एवढे मी त्याला बजावले आहे. त्यावर त्याने सहज विचारले, ‘तुझी मर्सिडीज कधी आणतोस इकडे? पिंपरीला तिचे सुटे भाग कोणाकडे तरी असतीलच.’ मी नियम पाहिले. वापरलेली मोटार भारतात आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागते. फ्लेन्सबुर्गच्या मास्तरांची ती फाइल या दोन अटींपुढे कुठेच लागत नाही; गुडघे टेकून तिच्या खाली कोणी बघणारही नाही.