वीस हजार रुपये लिटर

काल हळदीच्या मांडवात मामींनी माझं तोंड पदरानं पुसलं. हनुवटी धरून, शेंबड्या लेकराचं पुसतात तसं. वर चारचौघींत, "केवढा घाम आलाय गं माय!"

घाम नव्हता तो, सिरम होतं! 'क्लीन ब्यूटी'वालं, मोजक्या घटकांचं. ३० मिलिलिटरला ५९९ रुपये. त्यातले निदान वीसेक रुपये तरी मामींच्या पदराला लागले असतील.

मी तणतणत पर्समधून खोकं काढून दाखवलं. मामी अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. कागद हातात आला की वाचल्याशिवाय सोडत नाहीत. चष्मा चढवून मोठ्यानं सुरू झाल्या, "वास नाही. रंग नाही. पॅराबेन नाही. सल्फेट नाही. मंग हाय काय ह्यात?"

"नायसिनामाइड आहे मामी. बी३ जीवनसत्त्व."

"ते तर शेंगदाण्यात बी असतंय."

असतंच, म्हणून जास्त झोंबलं.

"आन् हे पहिलंच, अ‍ॅक्वा?"

"पाणी." ज्याचं प्रमाण जास्त ते यादीत आधी, हेही मीच सांगून बसले.

मामींनी बोटांवर हिशोब मांडला. शेजारच्या दोघींनी मदत केली. "तीसचे सहाशे, तर लिटरचे... वीस हजार! २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं आपल्या लातुरात, तवा बी एवढा भाव नव्हता!"

नवरी इतकी हसली की गालावरच्या वाळलेल्या हळदीचे पोपडे पडले.

हसा. पण मला खरा राग त्या बाटलीचाच आहे. म्हणे त्यातलं हायल्युरॉनिक अ‍ॅसिड पाणी धरून ठेवतं, म्हणून ओल्या चेहऱ्यावर लावा. एप्रिलात, बेचाळीस अंशांत! ड्रॉपर पिळेपर्यंत तोंड खडखडीत वाळतं. नळ रोज येत नाही, तिथं ओलं राहायचं कशानं? शिवाय वरून क्रीम हवं, नाहीतर कोरड्या हवेत उपयोग नाही. मग सनस्क्रीन. तिन्ही त्याच कंपनीची, तिन्ही वेगळ्या खोक्यांत. ह्याला म्हणे मिनिमल! आमच्या आजीचं डाळीचं पीठ एका डब्यात मावायचं, आणि उरलं तर त्याचं पिठलं व्हायचं. परत पाठवावं म्हटलं, तर उघडलेली बाटली घेत नाहीत.

आज सकाळी मामींचा फोन. "ते तुझं काहीच नसलेलं औषध... रात्री पदर बदलताना बघितलं, हात लई मऊ लागायलेत. मला बी एक मागव. पर मोठी. लिटरची भेटती का बघ."

पैशाचं काही बोलल्या नाहीत.